शेवंतीबाईंचा नायटा

परळच्या एका रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर बुरशीची प्रयोगशाळा होती. तिथे अपेक्षा मयेकर दोन वर्षं एकाच प्रश्नामागे होती: नायटा गोळ्यांना दाद का देत नाही? रुग्णाची कातडी खरवडून आणायची, त्यातली बुरशी वाढवायची आणि ती किती औषधाने मरते ते बघायचं. तेवीस नमुने झाले होते आणि त्यातले एकवीस नेहमीच्या गोळीला पुरून उरले होते. एवढा मोठा आकडा कुणी कल्पिला नव्हता. लेख जवळजवळ लिहून झाला होता आणि अपेक्षा हवेत होती.

त्या सोमवारी जयवंत परब वही घेऊन तिच्या टेबलापाशी आले. परबकाका इथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, लालबागचे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. नमुन्यांबरोबर दर वेळी एक ओळखीची बुरशी लावतात; ती थोड्याशा औषधाने मरायलाच हवी. काकांनी तिच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"हिका मराक चौपट औषध लागला," ते हळूच म्हणाले. "मग दोष बुरशीचो काय औषधाचो, गो?"

अपेक्षाने औषधाची बाटली उघडली; आतल्या भुकटीचे गोळे झाले होते. तो आकडा तिनेही पाहिला होता, पण मोजताना हात चुकला असेल म्हणून सोडून दिला होता. औषधाच्या बाटलीला ओल लागून त्याचा जोर गेला होता, हे आता उघड दिसत होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. दुर्गा सामंत यांच्यापुढे ती मान खाली घालून उभी राहिली. मॅडमनी वहीतली त्या आकड्यांची तिन्ही पानं सावकाश वाचली आणि एकच गोष्ट विचारली, यातला कुठला निकाल रुग्णाच्या डॉक्टरांकडे गेलाय का. एक गेला होता. शेवंतीबाई, दादरच्या फुलबाजारात हार विकणाऱ्या. त्या निकालावरून त्यांची गोळी बंद होऊन दुसरी कॅप्सूल सुरू झाली होती.

"लेख थांबेल, त्याचं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "बाईंच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करते. मग आपण दोघी त्यांच्या घरी जाऊ."

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्या खोलीत मॅडम कॉटच्या कडेला बसल्या. आमची चाचणी चुकली, जबाबदारी माझी आहे, असं त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. अपेक्षाचं नाव घेतलं नाही. तेव्हा तीच पुढे झाली, चाचणी मी केली होती म्हणाली.

शेवंतीबाईंचा चेहरा कडक झाला. "त्या कॅप्सूलनं सहा आठवडे माझ्या पोटात अन्न ठरत नाही. ते कोण भरून देणार?"

"कुणीच देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच फोनवर उरकलं नाही."

पुन्हा तपासायला नवा नमुना हवा, असं मॅडमनी सांगितलं. मग साडीचा काठ सारून शेवंतीबाईंनी पोटरीवरचा चट्टा पुढे केला. अपेक्षा कातडी खरवडत असताना मॅडम घरातल्यांशी बोलत होत्या. सासूला खाज होती, मुलीलाही. तिघींचा टॉवेल एक आणि दुकानातून आणलेली मलमाची ट्यूबही एकच. त्यात स्टिरॉइड होतं. वरून लाली जायची, आत बुरशी फोफावायची. मॅडमनी तिघींना त्याच डॉक्टरांकडे एकत्र जायला सांगितलं.

पुढचे तीन आठवडे सगळे नमुने त्याच औषधाच्या नव्या बाटलीवर पुन्हा लावले. परबकाका न सांगता सकाळी सातला यायचे आणि बुरशी वाढवलेली प्रत्येक ताटली स्वतः तपासायचे. अपेक्षा त्यांच्या शेजारी उभी राहून बघायला शिकली. शेवटी गोळीला खरोखर न जुमानणारे तेरा निघाले. शेवंतीबाईंची बुरशी त्यांत नव्हती. त्या जुन्याच गोळीवर परतल्या, ट्यूब फेकली गेली, तिघींचं औषध एकदम सुरू झालं. चौथ्या महिन्यात अपेक्षाने त्यांची पोटरी पाहिली तेव्हा फिकट डाग तेवढा उरला होता.

लेखात पहिल्या फसलेल्या फेरीचा उल्लेख कशाला, असं बाहेरच्या एका तज्ज्ञाने सुचवलं. मॅडमनी नकार दिला. तो परिच्छेद अपेक्षाने लिहिला, नऊ ओळींचा, आणि छापायला पाठवण्याआधी परबकाकांना वाचून दाखवला. त्यांनी एक आकडा दुरुस्त करायला सांगितला.