थरथरते पाय आणि पालथा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे, आणि माझ्यावरून पैज लागली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. खोक्याला कोण विचारतं? पालथा घालायचा आणि वर चढायचं.

तसा मी जन्मलोच मुळी उरलासुरला. कुणाच्या तरी दाराच्या फळ्या शिल्लक राहिल्या, त्या वाया जाऊ नयेत म्हणून सुताराने मला ठोकला आणि टेलरबाईंच्या गळ्यात मारला. तेव्हा मी सुलटा होतो. पोटात मऊ मऊ चिंध्या, दुपारी त्यांच्यावर मांजर. ते माझे सुखाचे दिवस. पण शेजारच्या सलूनवाल्या काकांना गिऱ्हाइकं बसवायला जागा कमी पडायला लागली. त्यांनी मला मागून नेला, चिंध्या झटकल्या, दोन्ही दुकानांच्या मधोमध पालथा टाकला आणि तेव्हापासून माझी पाठ साऱ्या गल्लीची झाली. कुणी बसतं, कुणी बल्ब बदलायला चढतं, कुणी बुटाची नाडी बांधायला पाय ठेवतं. माझं कौतुक एकदाच झालं. एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "मजबूत आहे हो," आणि खात्री करायला आणखी एकदा दाणकन बसले. माझा डावा कोपरा तेव्हापासून कुरकुरतो.

एक गोष्ट मात्र पालथा पडून शिकलो. वरच्या माणसाचं तोंड मला दिसत नाही, त्याचे पाय तेवढे कळतात. तोंड वाट्टेल त्या थापा मारतं. पायांना ते जमत नाही.

तर पैज. त्या दिवशी काका माझ्यावर बसून गल्लीच्या बातम्या देत होते. काकांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. गिऱ्हाइकाचं डोकं हातात सापडलं की बिचारा पळणार कुठे? बोलता बोलता विषय शाळेतल्या भाषणांवर आला, आणि टेलरबाई म्हणाल्या की यंदा माझी पोरगी बोलणार आहे.

काका असे हसले की मी हललो.

हसण्याचं कारण गल्लीला माहीत होतं. गेल्या वर्षी ही पोरगी स्टेजवर गेली होती. भाषणाचं टेबल उंच, पोरगी बुटकी. समोरच्यांना नुसता तिचा भांग दिसत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "टेलरच्या पुतळ्याला डोकं नसतं रे." हॉल हसला, पोरीची बोलती बंद झाली, आणि एक शब्द न बोलता ती खाली उतरली. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं पुतळी.

"वहिनी," काका म्हणाले, "तुमच्या पुतळीने स्टेजवर चार वाक्यं बोलून दाखवली, तर मी हरलो."

"हरलात तर काय कराल, भावोजी?"

मग दोघांनी मिळून शिक्षा ठरवली. हरेल त्याने भर बाजाराच्या वेळी या खोक्यावर उभं राहायचं आणि जिंकणाऱ्याची स्तुती करायची. किती वेळ? तर जिंकणाऱ्याचा कपभर चहा पिऊन होईपर्यंत. टेलरबाईंनी टाळी दिली. मी मनात म्हटलं, झालं, कुणीही हरो, पाठ माझीच.

पोरगी आतच होती. काजं करत होती, ओठांत टाचण्या धरून. हे त्या घराचं वळणच. मायलेकी दिवसभर टाचण्या ओठांत धरून ओठ न उघडता बोलतात, आणि दोघींना सगळं कळतं. बाहेरच्यांना मात्र नुसतं हूं हूं ऐकू येतं. तिने टाचण्या काढल्या, बाहेर आली आणि शांतपणे विचारलं, "आई, मला न विचारता माझ्यावर पैज लावलीस?"

टेलरबाईंचा चेहरा पडला असावा. पाय तरी दाराशीच थबकले. पैज मोडते, म्हणाल्या. पोरगी नको म्हणाली. पण यंदाही जमलं नाही तर आपण शाळेचं तोंड बघणार नाही, सरळ मशीनवर बसू, असं सांगून ती आत गेली. पोरीने खूप शिकावं म्हणून त्या बाईने डोळ्यांची वाट लावून घेतली होती. त्या माझ्यावर येऊन बसल्या. इतकं जड कुणी माझ्यावर कधी बसलं नव्हतं, त्या जाड्या गृहस्थांसकट.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मायलेकी मला आत घ्यायच्या. पोरगी माझ्यावर उभी, समोर बिनडोक्याचा पुतळा, आणि विषय 'वेळेचं महत्त्व'. तिचे पाय असे लटपटायचे की माझे खिळे वाजायचे. आई म्हणायची, तोंड उघड, टाचण्या नाहीयेत आत. पोरगी घडाघडा म्हणायची, एक शब्द निसटला की सगळं भाषण उसवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत मी जेवढा थकलो तेवढा सबंध जन्मात थकलो नसेन. आणि खोक्याला जरा पाठ टेकतो म्हणायचीही सोय नसते.

शेवटी एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पुतळ्यासमोर जमतं गं. माणसांना तोंडं असतात."

टेलरबाईंनी पुतळ्याच्या अंगावरचा शर्ट सारखा केला. मग म्हणाल्या, "मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघते का? शर्ट घालून बघायला माणूस उभा राहिला की मी खांदा बघते, कॉलर बघते, बटणं बघते. तोंड बघत बसले तर माझाही हात थरथरेल. तूही कपडे बघ. ते तर तुला येतं ना?"

भाषणाच्या दिवशी पोरगी मला काखेत मारून शाळेत घेऊन गेली. भांगाची भानगड पुन्हा नको म्हणून. मला टेबलामागे पालथा घातला, ती वर चढली, आणि सुरू झालं ते लटपटणं. मागून हळूच "पुतळी" ऐकू आलं. तिने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं अर्ध्यात तुटलं. हॉलमध्ये खुर्च्या वाजायला लागल्या. मी म्हटलं, बाई, उडी मारू नकोस, कोपरा कमजोर आहे.

आणि एकदम तिचे पाय थांबले.

पुढे काय दिसलं ते तिनेच नंतर आईला सांगितलं, म्हणून मला कळलं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलं होतं. एक बाजू वर, एक खाली.

"आमचं टेलरचं दुकान आहे," ती म्हणाली. हे भाषणात कुठेच नव्हतं. "आमच्याकडे गिऱ्हाईक घाईत बटणं लावतं. पहिलं बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, आणि ते कळतं शेवटी, जेव्हा एक काज उरतं. वेळेचंही तसंच आहे. सकाळ चुकली की दिवस तिरका जातो."

अख्खा हॉल आपापल्या छातीकडे बघायला लागला. पाहुण्यांनी बघितलं, स्वतःच हसले, आणि सगळ्यांसमोर बटणं काढून पुन्हा लावायला घेतली. हॉल हसला. पण हे हसणं वेगळं होतं, फळीला कळतं ते. त्यानंतर पोरगी बोलत राहिली. अडखळली, एकदा चुकलीही, पण तिचे तळवे माझ्यावर टेकले होते, दोन्ही, सगळेच्या सगळे.

मग आली वसुली. संध्याकाळी बाजार भरात असताना मला रस्त्यात मांडलं. टेलरबाई वाफाळता कप घेऊन दारात बसल्या. काका मिशीला पीळ देत माझ्यावर चढले, आणि मित्रांनो, काय सांगू! दिवसभर कात्रीसारखी चालणारी जीभ टाळूला चिकटली. पाय तर पोरीपेक्षा जास्त कापत होते. एकेका डोक्याशी बोलणं वेगळं, एवढी डोकी एकदम बघणं वेगळं. लोक हसायला लागले. टेलरबाईंना दया आली, त्यांनी लवकर संपवायला गरम चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

पोरगी पुढे आली. "काका, तोंडं बघू नका. केस बघा. कुणाचे वाढलेत, कुणाचे कुणी बिघडवलेत."

काका घुटमळले. मग हळूच म्हणाले, "त्या मागच्या पिवळ्या शर्टवाल्याचे कल्ले एकसारखे नाहीत." गर्दीने मागे बघितलं. काकांचे पाय थोडे थांबले. "माझंही तसंच होतं बघा, एकच बाजू वाढलेली. मला वाटायचं, मीच काय तो बोलणारा. आमच्या वहिनी तोंडात टाचण्या धरून जेवढं शहाणं बोलतात, तेवढं मी तोंड उघडून कधी बोललो नाही. आणि ही पोरगी. हिला मी पुतळी म्हणालो. आजपासून कुणी म्हटलं, तर त्याने केस दुसरीकडे कापून घ्यावेत."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कुणी खोक्यावर चढून थरथरत असेल, तर खालून हसू नका, त्याचा भार तेव्हा दुप्पट होतो, मला विचारा. आणि जाता-येता कुणाच्या हातात हातोडी असेल, तर माझ्या डाव्या कोपऱ्यात एक खिळा ठोकून जा.

कारण त्या संध्याकाळी चहा केव्हाच संपला होता. टेलरबाईंनी रिकामा कप उलटा करून दाखवला, पोरीनेही हात हलवले, पण काका आता बोलता बोलता आपल्या आजोबांच्या वस्तऱ्यापर्यंत पोचले होते. भीती गेली की माणूस हलका होतो म्हणे. खोक्याला तसं काही जाणवत नाही.