मॅडमच्या पाठीमागचा आरसा

तुम्ही रोज सकाळी आरशात बघता. आरसाही तुमच्याकडे बघत असेल, असं तुमच्या मनात कधी आलं नसेल. बघतो. निदान मी तरी बघतो. मी सहा फूट उंच, अडीच फूट रुंद आरसा आहे आणि गेली बावीस वर्षं एका कॉलेजच्या गाण्याच्या खोलीत भिंतीवर उभा आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. मोठ्या तावातून मला कापलं, कडा घासून बोथट केल्या, पाठीला चांदीचा पातळ थर दिला आणि त्यावर तपकिरी रंग फासला. त्याआधी मी नुसती काच होतो. सगळं माझ्यातून आरपार जायचं, माझ्यापाशी काहीच थांबायचं नाही. मग एका कामगारानं मला फिरवून उभं केलं आणि पहिल्यांदा एक चेहरा माझ्यात थांबला. तो त्याचाच होता. दाढेत काय अडकलंय ते तो बघत होता.

तिथून मी एका कपड्यांच्या दुकानात गेलो. कपडे घालून बघायच्या छोट्या खोलीत माझी चार वर्षं गेली. माणसं आरशासमोर आली की एक खास चेहरा करतात, हे मी तिथं शिकलो. भुवया जरा वर, मान तिरकी आणि पोट हमखास आत. पडदा सारून बाहेर पडताना पोट पुन्हा आपल्या जागी. एकदा एका बाईंनी पडद्याबाहेर डोकावून नवऱ्याला विचारलं, "हा ड्रेस कसा दिसतोय?" तो म्हणाला, "छान." त्या म्हणाल्या, "अजून मी घातलासुद्धा नाहीये."

दुकान बंद झालं तेव्हा कॉलेजनं मला उचललं.

इथलं गाणं वेगळं आहे. या मुलामुलींच्या हातात माईक नसतो. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या छातीच्या आणि श्वासाच्या बळावर आवाज पोहोचवायचा, असं हे पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं. त्यासाठी शरीर सैल लागतं. जबडा आवळला, मान ताणली, की आवाज तिथंच अडतो. स्वतःला ते कळत नाही, म्हणून समोर मी.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी हसू येतं. मोठा स्वर लावताना तोंड एवढं उघडावं लागतं की पडजीभसुद्धा दिसते. तो खास चेहरा इथं चालत नाही. महिनाभरात मुलं लाजायची थांबतात आणि माझ्याकडे कामापुरतं बघायला लागतात. मला ते आवडतं.

खोलीची मांडणी अशी. शिकणारा माझ्यासमोर तीन पावलांवर उभा राहतो. त्याच्या मागे, पलीकडच्या भिंतीशी पियानो. तो वाजवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात, प्राचार्यसुद्धा. आणि मॅडम माझ्या शेजारी, किंचित पुढे, माझ्याकडे पाठ करून उभ्या असतात, कारण त्यांना विद्यार्थ्याचा चेहरा बघायचा असतो. त्यामुळे मॅडमचा चेहरा मी फार क्वचित पाहिला. त्यांची पाठ मात्र मला पाठ आहे.

त्या पाठीबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी खुद्द मॅडमना माहीत नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी त्या कॉलेजच्या जिन्यावरून पडल्या आणि डाव्या हाताला प्लॅस्टर बसलं. हात गळ्यातल्या झोळीत, तरी रजा घेतली नाही. वरचा स्वर गाऊन दाखवताना तो जड हात सावरायला त्यांचा डावा खांदा वर जायचा. दोन महिन्यांनी प्लॅस्टर निघालं. खांदा मात्र वर जातच राहिला. वरचा स्वर आला की खांदा कानाकडे निघालाच. आवाज मुळात इतका मोठा की ऐकणाऱ्याला जाणवायचं नाही. मला दिसायचं.

पुढे पुढे मला दुसरंही दिसायला लागलं. तोच डावा खांदा, त्याच स्वराला, विद्यार्थ्यांचाही. आधी एकाचा, मग दोघींचा, मग जवळजवळ सगळ्यांचा. मॅडम उत्तम शिकवतात, पण त्यांचं शिकवणं म्हणजे गाऊन दाखवणं. "असं नाही, असं," म्हणायचं आणि गायचं. मुलं ऐकायची तशी बघायचीही, आणि नकळत जसंच्या तसं उचलायची.

मॅडमना मुलांचा खांदा दिसायचा. त्यांनी त्याचं कारणही शोधलं होतं.

"दप्तरं," त्या म्हणायच्या. "एका खांद्याला अडकवून फिरता ना, त्याचं फळ आहे हे. उद्यापासून सगळ्यांनी उजव्या खांद्याला अडकवायची."

पाच वर्षं त्या खोलीत येणारं प्रत्येक दप्तर उजव्या खांद्यावरून आलं. खांदे डावेच वर जात राहिले.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर तिनं इतकं हळू सांगितलं की काका म्हणाले, "पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, "राहू दे, मी तुला पुटपुट म्हणतो." नाव चिकटलं. बोलताना जी समोरच्याला तीनदा "काय?" म्हणायला लावायची, ती गायला लागली की माझी काच चौकटीत थरथरायची.

आणि तरीही पहिल्या वर्षी ती गाण्याच्या परीक्षेत नापास झाली. बाहेरच्या परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, 'डावा खांदा उचलतो. वरचा स्वर आवळलेला.' पुटपुटनं मॅडमना आपला गुरू मानलं होतं, त्यामुळे खांदाही तिनं सगळ्यांपेक्षा जास्त मन लावून उचलला होता. दुसऱ्यांदा तसंच झालं तर गायन विभागातून तिचं नाव कमी होणार होतं आणि तिला संगीताच्या इतिहासाच्या वर्गात बसावं लागणार होतं. इतिहास काही वाईट नसतो. पण जिला गायचंय तिला गाण्याबद्दल वाचायला लावणं म्हणजे भुकेल्याच्या हातात स्वयंपाकाचं पुस्तक देणं.

सगळे उपाय झाले. खांद्यावर पुस्तक ठेवलं, ते पडलं. वाळूची पुरचुंडी ठेवली, तीही पडली. जमिनीवर आडवं झोपून गायला लावलं, तेव्हा जमलं. काका म्हणाले, "परीक्षकांना विचारू या का, झोपून चालेल का म्हणून?" उभी राहिली की पुन्हा तेच.

तास सुरू व्हायच्या आधी एकदा तिच्या आईचा फोन आला होता. "हो आई, जेवले," ती म्हणाली. "नाही, दुखत नाही खांदा. दुखत असता तर बरं झालं असतं. डॉक्टरला तरी दाखवला असता."

परीक्षेला अकरा दिवस उरले असताना काकांची दाढ सुजली आणि ते आले नाहीत. मॅडम स्वतः पियानोवर बसल्या. आता मॅडम माझ्या शेजारी नव्हत्या. समोर, पुटपुटच्या मागे होत्या. बावीस वर्षांत असे दिवस मोजकेच.

परीक्षेच्या गाण्याच्या मध्यावर एक थांबा होता. त्यानंतर वरचा स्वर आणि पियानो एकदम यायचे. पुटपुटनं स्वर लावला, खांदा उचलला.

"खांदा," मॅडम म्हणाल्या. "हे बघ, असं." आणि बसल्या जागी त्यांनी गाऊन दाखवलं.

पुटपुट माझ्याकडे बघत होती. माझ्यात ती होती आणि तिच्या मागे मॅडम. तिनं मॅडमचा खांदा वर जाताना पाहिला. मग स्वतःचा पाहिला. मग पुन्हा मॅडमचा.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

"मग थांबलीस का? चल."

त्यानंतर दोन दिवस ती सकाळी लवकर, खोली रिकामी असताना यायची. मॅडमचा आवाज मनात आणून गायली की खांदा वर. काहीच मनात न आणता, नुसतं तोंड उघडून गायली की खांदा खाली, स्वर जरा ओबडधोबड पण सुटा. हे तिनं इतक्या वेळा करून पाहिलं की मलासुद्धा कंटाळा आला. तिला काय करायला हवं ते तिला कळलं होतं. मॅडमना गाऊन दाखवू नका म्हणायचं. एवढंच. ज्यांच्यासारखं गाता यावं म्हणून घर सोडून आली, त्यांना म्हणायचं, मला तुमचं गाणं नको. मी आरसा असूनही मला ते अवघड वाटलं.

तिसऱ्या दिवशी काका आले, गाल अजून जरा फुगलेला. तास सुरू झाला. "खांदा," मॅडम म्हणाल्या आणि गायला श्वास घेतला.

"मॅडम, गाऊन दाखवू नका," पुटपुट म्हणाली.

"काय?"

"गाऊन नका दाखवू. मला."

मॅडमची पाठ ताठ झाली, ती मला दिसली.

"का बरं?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, पण नेहमीचा नव्हता. "बंद करायचाय का तास?"

पुटपुटचे कान लाल झाले होते. तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. "एकदा तिकडं तोंड करून गा ना. तुम्ही."

मॅडम वळल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला. तो मला वाटला होता त्यापेक्षा वयस्कर होता. त्यांनी थांब्यानंतरचा तो स्वर लावला. खांदा वर गेला. त्या थांबल्या. पुन्हा लावला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हातानं डावा खांदा दाबून धरला, तर स्वरच आला नाही.

"काका," त्या वळून न बघता म्हणाल्या, "हे तुम्हाला दिसत होतं?"

"बारा वर्षं," काका म्हणाले. "मी आलो तेव्हापासून. मला वाटलं, तुमच्याकडे असंच शिकवतात. तुमचा असो की मुलांचा, खांदा वर गेला की मी पियानोवर हात टाकतो. त्याच्यावरच तर चालतं माझं."

"आणि मी पाच वर्षं पोरांच्या दप्तरांना नावं ठेवली."

"दप्तरांची माफी मागा मग."

मॅडम हसल्या नाहीत. पियानोच्या बाकाच्या टोकाला बसल्या. म्हणाल्या, "आजचा तास इथंच. तू जा." पुटपुट गेली. जाताना तिनं दप्तर चुकून डाव्या खांद्याला अडकवलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या आणि म्हणाल्या, "आठवडा आहे. मी गाणार नाही, बोलूनच सांगीन." मग लक्षात आलं की त्यांना बोलून सांगता येत नाही.

"म्हणजे असं बघ, तो स्वर... ढकलायचा नाही. दार आहे समज. उघडंच आहे. तर ढकलायचं कशाला?"

"मग काय करायचं?"

"आत जायचं."

"कुठं?"

"ते नाही सांगता येत मला," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दोघींना एकदमच हसू फुटलं.

सात दिवस असंच, चाचपडत. खालचे, मधले स्वर सुटले. थांब्यानंतरचा तो एक स्वर मात्र हट्टी. आदल्या दिवसापर्यंत तिथं खांदा उचलला जातच होता.

परीक्षा आमच्याच खोलीत झाली. परीक्षेत आरशात बघून गायचं नसतं, म्हणून माझ्यावर चादर टाकली. बावीस वर्षांत सगळ्यात जास्त बघायचं होतं त्या दिवशी मी आंधळा. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खाकरलं, काकांनी सुरुवात केली. पुटपुट गायला लागली. मी कानांनी, म्हणजे काचेनं, ऐकत होतो.

थांबा आला. सगळं शांत.

मग स्वर आला. पियानो आला नाही.

स्वर एकटाच होता, उघडा, मोठा, चादरीखाली माझी काच थरथरवणारा. एक मात्रा गेली, दुसरी गेली, तेव्हा कुठं काकांचा हात पडला. मला काहीच दिसत नव्हतं, पण खांदा जागेवर होता हे मला तिथंच कळलं.

परीक्षक गेल्यावर काका म्हणाले, "मी वाट बघत बसलो. खांदा आलाच नाही."

"सॉरी, काका."

"तू कशाला? आता तुझा श्वास ऐकून वाजवायला शिकलं पाहिजे. या वयात."

निकालाच्या कागदावर होतं, 'वरचा स्वर मोकळा. साथीशी मेळ नाही.' मेळ नसल्याचे गुण कापले आणि पुटपुट काठावर पास झाली. तिचं नाव गायन विभागात राहिलं. आईला फोनवर तिनं हे सांगितलं, तेव्हा पलीकडून तीनदा "काय?" आलं.

आता माझं सांगतो. माझ्या पाठीवरचा थर खालच्या कडेपासून सुटायला लागलाय. काळे डाग पडतात, दरवर्षी बोटभर वर चढतात. सध्या उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत आलेत. एक दिवस मला काढून दुसरा आरसा लावतील आणि त्यात गैर काही नाही. उतरवताना मला लाथ मारू नका, एवढंच म्हणणं. आणि दुसऱ्याला काही शिकवत असाल, तर अधूनमधून मागे वळून स्वतःकडेही बघा.

मॅडम हल्ली तासाच्या आधी अर्धा तास येतात. दार लावतात, माझ्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे सरावाचे पलटे म्हणतात. खांदा अजून वर जातो. पूर्वी दहातल्या दहा वेळा जायचा, आता सहा वेळा. कधी पुटपुट आधी येते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहते. काल मॅडमनी तिला विचारलं, "गेला का?"

"गेला," ती म्हणाली. तेही ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"परत," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी श्वास घेतला.