यमुनाबाईंची शून्य मिनिटे

मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि स्वभावाने भोचक आहे. कुणाला कशाला किती वेळ लागतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे हडपसरच्या एका कारखान्यात गेली. कामाच्या वेळा मोजणारे रंगनाथराव मला गळ्यात अडकवून यंत्रांमधून फिरत. मी दिसले की कामगारांचे हात मुद्दाम संथ चालत. साहेब माझे कौतुक करत आणि कामगार शिव्या घालत. पुढे संगणक आले, खाते बंद झाले आणि रंगनाथरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नारळ, शाल आणि मी असे तिघे त्यांच्याबरोबर धायरीला आलो. तीन वर्षे मी कपाटात होते. मोजायला काही नाही म्हणजे मला उपासच!

मग एका मंगळवारी मला किल्ली मिळाली. जवळच्या दवाखान्यात मंगळवारी फक्त म्हाताऱ्या माणसांना तपासत आणि तिथे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसे. रंगनाथरावांची मुलगी पूर्वा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती म्हणाली, "बाबा, रांगेचंसुद्धा गणित असतं. ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात त्याला. तुम्ही मोजा, मी प्रोग्रॅम लिहिते."

नऊला दार उघडले की रंगनाथराव मोजायला बसत. महिन्याभराने पूर्वाच्या प्रोग्रॅमप्रमाणे प्रत्येकाला वेळेची चिठ्ठी मिळाली. रक्त काढणारे आमोद म्हणाले, "वा! आता रुग्ण घड्याळाला विचारून आजारी पडणार."

यमुनाबाई नावाच्या आजींना साडेदहाची वेळ होती. बरोबर साडेदहाला त्यांना हाक मारली. वाट पाहणे शून्य मिनिटे! रंगनाथराव खूश झाले, मीही फुगले. तेवढ्यात यमुनाबाई पायरीवरून उठल्या आणि तिथेच कोसळल्या.

साखरेचे पाणी पोटात गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आपण आलात कधी?" रंगनाथरावांनी विचारले.

"पावणेसातला."

"अहो, चिठ्ठीवर साडेदहा लिहिलंय!"

"ठावं हाय की. माझा ल्योक दशरथ कंपनीची बस चालवतो. सातला गाडी सुटती. त्याच्याच मागं स्कूटरवर बसून येती मी. साडेदहाला मला कोन आननार? रक्त द्यायचं म्हनून रातच्यापास्नं पोटात काय न्हाई. आता न्हाई यायची मी हितं. मरायचं तर घरी मरंन."

पूर्वाला हे कळले तेव्हा ती जेवत होती. दशरथ चालवायचा ती बस तिच्याच कंपनीची, तिला रोज नेणारी. "म्हणजे मी वेळेवर पोचते म्हणून त्या चार तास उपाशी बसतात," ती म्हणाली. मग ताट सरकवून ती वेळांची यादी पुन्हा पाहू लागली.

मला फार लाज वाटली. एवढे भोचक मी, पण दाराबाहेर काय चालले आहे याची चौकशी मला सुचली नव्हती.

पुढच्या मंगळवारी रंगनाथराव साडेसहालाच पायरीवर हजर झाले. येईल त्याला ते विचारत, "कुणी सोडलं? काही खाल्लंय का?" एकतीसपैकी एकोणीस जणांना मुलासुनांनी कामावर जाताजाता सोडले होते. पूर्वाने सगळा प्रोग्रॅम बदलला. सकाळी लवकर पोचणारे आणि उपाशी असलेले आधी, पीएमटीच्या बसने येणारे दहानंतर. आमोदना सातला यावे लागणार होते. "आपण मोजा, आम्ही उठतो," ते म्हणाले, पण आले.

यमुनाबाई मात्र आल्या नव्हत्या. पूर्वाने बसमध्ये दशरथची मनधरणी केली, "एकदाच आणा त्यांना."

त्यानंतरच्या मंगळवारी त्या आल्या, तोंड वाकडे करूनच. त्यांचे पाऊल पायरीला लागताच रंगनाथरावांनी माझे बटण दाबले. आमोदनी रक्त काढले. यमुनाबाईंनी डबा उघडून भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि मी थांबले. अठरा मिनिटे! अठरा हे शून्यापेक्षा कमी असू शकतात, हे मला त्या दिवशी समजले.

"पुढल्या मंगळवारी येती," यमुनाबाई घास चावत म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग थकली आहे. मोजायला नवी यंत्रे खूप आहेत. पण कुणी म्हातारे माणूस कुठे बसलेले दिसले, तर आधी विचारा, "आजी, घरून कधी निघालात?" आणि मग हवे तर मोजायला लागा.