जपानी खुर्चीची पाठ

पाय

चार आहेत. चारही आखूड; बैठक जमिनीपासून दीड वीत. बसलं की गुडघे वर येतात आणि माणूस आपोआप मागे रेलतो. न रेलता या खुर्चीत बसताच येत नाही.

रेलायला पाठ लागते.

पाठ नाही.

अशा तीन खुर्च्या. तिन्हींनाही नाही.

बैठक

दुकान नागभीडला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नूर मोहम्मद यांचं. वेताच्या खुर्च्या, झोपाळे, पाळणे, दुरुस्तीही. दोन वर्षांपूर्वी लकव्याने नूर मोहम्मदची उजवी बाजू गेली. तेव्हापासून विणकाम मुलगी रुखसार करते आणि बाकीचं सगळं मुलगा रईस.

खुर्च्या लोकेशने आणल्या. तो ताडोबाजवळच्या एका रिसॉर्टचं सामानसुमान बघतो. जंगलातलं एक जुनं विश्रामगृह मोडीत निघालं, तिथल्या या. सागाची चौकट, रुंद हात, आणि पाठीत एकेकाळी वेताची जाळी होती, सहा-सहा पाकळ्यांच्या फुलांची. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा साहेबाने जपानी खुर्ची समोर ठेवून तशाच चार करवून घेतल्या, असं म्हणतात. शिक्का नाही, कागद नाही. पण अख्खा परिसर त्यांना जपानी खुर्ची म्हणतो, आणि नूर मोहम्मदने त्या उमेदीच्या काळात दोनदा विणल्या होत्या.

"एक ऑक्टोबरले जंगलाचं गेट उघडते," लोकेश म्हणाला. "तीस तारखेले सकाळी टेम्पो घेऊन येतो. पाठ जशी होती तशी पाह्यजे."

"होऊन जाईल," रुखसार म्हणाली.

लोकेश गेला. रईसने तिच्याकडे पाहिलं.

"तुले येते का हे?"

"अब्बाले येते."

"येत होतं."

"मी शिकून घेईन."

"कोणापासून? त्या खुर्चीपासून?" रईसने कोपऱ्यात उभा केलेला गुंडाळा पायाने ढकलला. नागपूरहून मागवलेली, मशीनवर विणलेली जाळी. कापायची, चौकटीवर ताणायची, पिना ठोकायच्या; एका खुर्चीला अर्धा तास. "हे पाह्य, टेम्पो येईपर्यंत तुले जमलं तं जमलं. नाई तं मी हे ठोकून देतो. आणि मंग पुढच्या सगळ्या खुर्च्याईले हेच. हातानं विणणं बंद. तू गिऱ्हाईक पाहजो."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद वं. किती दिवस एका पाठीले आठ-आठ दिवस घालवाचे?"

रुखसारने वेत भिजत घातला. बोलून सिद्ध करायची गोष्ट नव्हती ती.

बावीस दिवस होते.

हात

एका खुर्चीच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जाळी शिल्लक होती. साडेतीन फुलं. त्यावरून वीण कशी दिसते ते कळत होतं. ती सुरू कुठून होते ते कळत नव्हतं.

दुकानात नमुना नव्हता. कधीच नव्हता. नूर मोहम्मदच्या उस्तादांचा दंडक होता: अर्धी वीण घरात ठेवायची नाही. एकतर पुरी कर, नाहीतर सोडव आणि वेत परत पाण्यात टाक. नूर मोहम्मदने चाळीस वर्षं हे पाळलं. म्हणून या घरातून शेकडो पाठी विणून गेल्या आणि घरात एका बोटाएवढाही तुकडा उरला नाही.

पहिला प्रयत्न: चौकटीच्या वरच्या काठापासून. दुकानातली प्रत्येक खुर्ची तशीच सुरू होते. तिसऱ्या ओळीत फुलं डावीकडे कलली.

दुसरा प्रयत्न: चौकटीच्या खालच्या काठापासून. उजवीकडे कलली.

तिसरा: एका फुलाला पाचच पाकळ्या. बाजूच्याला सात.

चौथा: तोही सोडवला.

पाचव्याच्या वेळी तिने खुर्ची अब्बांच्या खाटेजवळ नेली. नूर मोहम्मदने डावा हात पुढे केला. वेताची ओली पट्टी चिमटीत धरली, वाकवली, थांबला. पुन्हा वाकवली.

"असं... नाई. हे याच्या खालून. मंग हे... थांब."

"खालून का वरून, अब्बा?"

"थांब म्हटलं ना."

"खालून घेतलं का पाच होतात."

"पाच कशे होतीन? मी काय पाचवाले विणत होतो?" तो चिडला, आणि मग चिडणं सोडून दिलं. "उजवा हात करत होता, बेटा. मी नुसता बसून राहो. मले त्यानं कधी सांगतलंच नाई."

दोघंही हसली. थोडंसंच.

मग तो म्हणाला, "चवथी मंगरूकडे हाय."

मंगरू त्या विश्रामगृहाचा चौकीदार होता. तो निवृत्त झाला तेव्हा तिथल्या साहेबांनी चौथी खुर्ची त्याला देऊन टाकली होती. आरमोरीच्या पुढे, कोसमटोल्याला राहतो.

"तिची पाठ माही शेवटची," नूर मोहम्मद म्हणाला. "शाबूत असन. ते उसव. उसवता उसवता शेवटून पहिल्यापर्यंत जातो माणूस. तिथी सापडन."

"आणि मंगरूभाऊ उसवू देतीन?"

नूर मोहम्मदने हातातली पट्टी परत पाण्यात टाकली.

पाठ

ब्रह्मपुरीला एक एसटी बदलायची, आरमोरीला दुसरी. शेवटचे दोन किलोमीटर पायी. दोन्हीकडे धान पोटरीला आलेलं. रुखसारच्या पिशवीत कात्री, टोचा, अब्बांनी दिलेली बालुशाही.

मंगरू ओसरीत होता. खुर्चीत. धुराने ती चहासारखी काळसर झालेली, पण जाळी सलग. एक पाकळी तुटलेली नव्हती.

"जोहार, मंगरूभाऊ. मी नूर मोहम्मदची रुखसार."

"नूरभाईची? ये, ये. कसा हाय तो? चालते का?"

"भिंत धरून."

"मी खुर्ची धरून." तो बोलला, खोकला, पुन्हा बोलला. वाक्यावाक्याला त्याला दम लागत होता. "बत्तीस वर्षं या चार खुर्च्या पुसल्या, बाई. बसलो नाई कधी. साहेब नसले तरी नाई. भेटली तवाबी वर्षभर पुसतच होतो. आता हे दमा लागला. आडवा झालो का छाती बंद. मंग रातभर यातच रायतो. टेकून."

रुखसारने बालुशाही पुढे केली. मग काम सांगितलं. एका दमात, खाली बघत: पाठ उसवायची आहे, शिकायची आहे, दोन दिवसांत परत विणून देईन.

"इनता येते तुले?"

"नाई. म्हणून तं उसवाची हाय."

"उसवून बी नाई आली तं?"

तिने खोटा शब्द दिला नाही.

मंगरूने जाळीवर डोकं टेकलं. मग ओसरीचा खांब धरून उठला.

"घे. नूरभाईनं इनली, नूरभाईची पोरगी उसवते. मी कोण नाई म्हणणारा?"

तो खांबालाच धरून उभा राहिला. श्वासाचा आवाज येत होता. रुखसारने खुर्ची पालथी केली, शेवटची गाठ शोधली, कात्री उघडली. बावीसपैकी दहा दिवस गेले होते.

"काऊन उसवते वं ते?"

अंगणातून मंगरूची बायको, नीलाबाई. आभाळात घार होती म्हणून ती पिल्लं झाकत होती.

"सुरुवात पाह्याची हाय, नीलाबाई. चौकटीत कुठून सुरू होते ते."

"चौकटीत कशी सुरू होईन?" नीलाबाई ओसरीत आली, पदराला हात पुसले, जाळीवरून बोट फिरवलं. "हे मधातून सुरू होते. जमिनीवर. चौकट तं मंग येते."

"तुमाले कसं माहीत?"

"हे डालगं व्हय ना."

"काय?"

"डालगं. कोंबड्याईचं." तिने अंगणाकडे हात केला. पिल्लांवर पालथी घातलेली बांबूची मोठी जाळीदार टोपली. सहा कोनांचे मोठे डोळे. एकाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा.

रुखसारने डालग्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं.

"पण हे जपानी हाय, नीलाबाई."

"मंग जपानात कोंबड्या नाई का?"

मंगरूला हसू आलं, हसताना खोकला आला, आणि तो खोकतखोकतच खाली बसायला लागला. रुखसारने कात्री टाकली, खुर्ची सरळ करून त्याच्यामागे सरकवली. तो रेलला.

नीलाबाईने आतून बांबूच्या कमच्या आणल्या. सारवलेल्या जमिनीवर बसली. दोन आडव्या ठेवल्या. दोन उजवीकडे तिरप्या. दोन डावीकडे.

"पाह्य. सहा. हे एकाच्या खालून, एकाच्या वरून. झाला डोळा."

"इतकंच?"

"डालग्याले इतकंच. तुह्या जपान्याले आणखी हाय." तिने जाळी पुन्हा निरखली. "डोळ्याच्या पोटातून आणखी तीन कमच्या काढल्या, हे अशा, आरपार. झाल्या सहा पाकळ्या. कर."

रुखसारने केलं.

"चुकलं. सोड."

केलं.

"चुकलं वं. वेतवाल्याची पोरगी म्हणे, अन् डालगं नाई येत."

"आमच्याकडे कोंबड्या नाई, बाई."

"दिसून राह्यलं."

चौथ्या वेळी नीलाबाईने आणखी कमच्या तिच्या पुढ्यात टाकल्या. पाचव्या वेळी उठून भात टाकायला गेली. परत आली तेव्हा रुखसारच्या पुढ्यात सात फुलं होती. एकाभोवती सहा. सरळ.

खुर्चीत मंगरूचा डोळा लागला होता.

पाठ, पुन्हा

आता सगळं जमिनीवर.

दुकानामागच्या खोलीत घमेल्यात वेत भिजत, फरशीवर जाळी पसरत. मधला डोळा आधी. त्याच्याभोवती सहा. त्यांच्याभोवती बारा. घरात चालायला जागा नाही. रईस भिंतीकडेने, चपला हातात घेऊन जाई. तारीख रोज विचारी.

"आज किती?"

"एकवीस."

"आणि पाठी?"

"अर्धी."

वेत बांबूसारखा नसतो. बांबूची कमची टेकवली तिथे राहते. ओला वेत घसरतो, आणि कोरडा झाला की तुटतो. मधल्या वेळात जे करायचं ते करायचं. पहिल्या पाठीला पाच दिवस गेले. दुसरीला तीन.

नूर मोहम्मदची खाट तिने दारात ओढून घेतली होती. डोळे आणि फुलं त्याला तोंडाने येत नव्हती. पण पहिली जाळी पुरी होऊन चौकटीशी आली तेव्हा त्याचं तोंड सुटलं.

"खाचेत दाब. ओलीच. वरून वेताची दांडी ठोक. आधी चार कोपरे. नाई, समोरासमोरचे, एका बाजूचे नाई. पाचर मार. सुकली का आपोआप ताणते, तू ताणू नको."

हे त्याला तोंडाने येत होतं. सगळं. एक शब्द अडला नाही.

एकटीने ताणून धरायचं आणि ठोकायचं म्हणजे एका पाठीला अर्धा दिवस. एक बाजू शिकंज्यात आवळलेली, दुसरी गुडघ्याखाली, हातोडी उजव्या हातात. दोन पाठी तशा बसल्या.

तिसरी जाळी एकोणतीसच्या संध्याकाळी पुरी झाली.

चौकट

तीस तारीख. साडेआठ.

टेम्पो आला. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं. लोकेश उतरला, दोन खुर्च्यांभोवती फिरला, वाकला, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला.

"वा! जपानातून मागवली का?"

"कोसमटोल्यातून," रुखसार म्हणाली. ती तिसऱ्या चौकटीसमोर गुडघ्यांवर बसली होती. ओली जाळी मांडीवर. एक कोपरा खाचेत, शिकंजा लावत होती.

"तिसरीले किती टाइम?"

"दुपार होईन."

"दुपार? अरे बाई, आज पोचवाच्या हायत, उद्या पाहुणे येऊन राह्यले." लोकेशने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला गुंडाळा त्याला दिसला. "हे काय हाय? जाळीच ना? दोन तं झाल्या मस्त. तिसरीले हे ठोकून द्या. मागच्या लाइनीत ठेवतो. कोण पाह्यते?"

रुखसारचे हात थांबले. तिने रईसकडे पाहिलं नाही. ओला वेत मांडीवर पाणी सोडत होता, सलवार भिजत होती. जाळी आता बसली नाही तर तासाभरात कडक होईल, मग वाकणार नाही.

रईस गुंडाळ्यापाशी गेला. वरचा कागद फाडला. हातभर जाळी उलगडली, उजेडात धरली. एकसारखी, पांढरट. मग तिसऱ्या चौकटीकडे पाहिलं. रिकामी. दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. भरलेली.

ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला.

"भाई," खाटेवरून नूर मोहम्मद लोकेशला म्हणाला, "चहा घ्या."

"चहा नको, चाचा. टेम्पो चालू हाय."

"बंद करा मंग," रईस म्हणाला.

त्याने जाळी गुंडाळली. चपला काढल्या. बहिणीच्या समोर, चौकटीच्या पलीकडे गुडघे टेकले.

"कुठी पकडू?"

"इथी." रुखसारने ओला काठ त्याच्या हातात दिला. "दोन्ही कोपरे. ओढू नको, नुसतं धर."

"घसरते वं."

"घसरते. धर."

तिने दांडी खाचेवर ठेवली. हातोडी घेतली. एक कोपरा. समोरचा. पुन्हा हा. रस्त्यावर इंजिन बंद झालं आणि ठोक्यांमधला वेळ एकदम मोठा वाटायला लागला.

"पाचर," नूर मोहम्मद म्हणाला. "आता पाचर."

"मारते, अब्बा."

रईसच्या बोटांतून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. शर्ट भिजला. त्याने हात बदलले नाहीत.

"सोडू?"

"नाई."

लोकेशने चहाचा कप घेतला आणि दारातल्या पायरीवर बसला.

"आता?" रईसने विचारलं.

"अजून नाई, भाई."