माझ्या खालचा पाइप

मित्रांनो, वर्षानुवर्षं गप्प बसायचं आणि वेळ आली की एकदाच पोटभर ओरडायचं, हेच ज्याचं काम, असा मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. तुमच्या कुकरची शिट्टी माझी धाकटी बहीण समजा. ती वाफ स्वयंपाकघरातच सोडते. मला तशी मुभा नाही. माझ्यातून सुटलेला वायू जाड पाइपातून उंच फ्लेअरच्या, म्हणजे वायू जाळणाऱ्या धुरांड्याच्या, टोकाशी जातो आणि तिथे जळून जातो.

ट्रॉम्बेच्या बाजूला एका रसायन कारखान्यात, टाकीच्या थेट डोक्यावर मला बसवलं होतं. दाब वाढला की उघडायचं, उतरला की मिटायचं. कामगार म्हणायचे, "हा आहे तोवर घोर नाही." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुगायचो.

पण तपासणीसाठी मला खाली उतरवायचं तर दरवेळी परांची बांधावी लागे. तो खटाटोप वाचावा म्हणून एकदा मला बाजूच्या प्लॅटफॉर्मवर हलवलं. टाकीपासून माझ्यापर्यंत लांबलचक, वळणावळणाचा पाइप टाकला, तोही स्टोअरमध्ये पडून असलेला, अरुंद. सगळ्यांची सोय झाली, माझी मात्र वाट लागली.

आता मी उघडलो की त्या पाइपातून पुरेसा वायू येईचना. माझ्यापाशी दाब पडायचा आणि मी मिटायचो. टाकीत दाब तसाच, म्हणून लगेच पुन्हा उघडायचो. नुसती उघडझाप. आपटून आपटून माझं तोंड मिटणारी तबकडी खरवडून निघाली. सगळे म्हणाले, व्हॉल्व्ह म्हातारा झाला. मला मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये धाडलं. तिथल्या रतनने मला घासूनपुसून टेबलावर चढवलं आणि हवा सोडून पाहिलं. "अरे, झकास उघडतोय की! ह्याच्यात काय प्रॉब्लेम नाही यार," तो म्हणाला. तरी कारखान्यात परतलो की पुन्हा तेच. दोष नसताना बोलणी खाण्याचं दुःख फार वाईट असतं.

शिवदास हा आमचा जुना ऑपरेटर. राहायला चारकोपला, मूळचा मालवणकडचा. नव्या इंजिनिअर सुगंधाला तो म्हणाला, "बाय, हो ओरडणा नाय गो, थरथरता."

सुगंधाने माझ्याऐवजी खालच्या पाइपाला मोजायची टेप लावली. फ्लेअरकडे जाणारा पाइप पुरेसा रुंद आहे ना, हेही ताडून पाहिलं. मग ती मॅनेजर चंद्रप्रकाशांकडे गेली. "सर, खालचा पाइप अरुंद आहे. तिथे कुठलाही व्हॉल्व्ह असाच आपटणार."

"ऑर्डर अडकलीये, सुगंधा. पुढच्या शटडाउनला बघू ना."

आणि एका दुपारी थंड पाण्याचा पंप बंद पडला. टाकी तापली, दाब चढला. मी उघडलो आणि आपटू लागलो. सगळा प्लॅटफॉर्म हादरत होता. माझे बोल्ट सैल होऊ लागले, जोडातून वायू फुसफुसू लागला. एक ठिणगी पुरेशी होती. टाकी तापवणारी वाफ बंद करायचं चाक नेमकं माझ्या शेजारी, आणि शिवदास शिडीने वर येत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नको येऊ रे! पण तो आला. तोंडाला रुमाल बांधून चाक फिरवत राहिला. अखेर वाफ थांबली, दाब उतरला. शिवदास रुमाल सोडत खाली उतरला.

चंद्रप्रकाश धावत आले. "नवीन व्हॉल्व्ह लावा. संध्याकाळी प्लांट सुरू झाला पाहिजे."

"पाइप तोच राहणार असेल तर मी सही करणार नाही," सुगंधा म्हणाली.

"तू नाही केलीस तर दुसरं कोणी करेल."

तेवढ्यात शिवदास बोलला, "साहेबांनू, तर त्या चाकाकडे मी जावचंय नाय."

चंद्रप्रकाशांनी वर पाहिलं, आणि वायू निवळल्याची खात्री झाल्यावर स्वतः शिडी चढून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या एका बोल्टला हात लावला. तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी गरागरा फिरला. शिवदासने धरलेलं चाक तिथून हातभरही लांब नव्हतं.

खाली येऊन ते एवढंच म्हणाले, "पाइप कापा."

आज मी पुन्हा टाकीच्या डोक्यावर आहे, खाली आखूड, रुंद पाइप आहे. परांची बांधताना लोक कुरकुरतात, कुरकुरू देत. परवा पंप पुन्हा बंद पडला. मी एकदाच उघडलो, मोकळा ओरडलो आणि शांतपणे मिटलो. शिवदासला जागचं हलावंही लागलं नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा, वेळच्या वेळी तपासणी करा. पण कोणी पुन्हापुन्हा चुकत असेल, मग ते यंत्र असो की तुमच्या वर्गातला मुलगा, तर त्याला नालायक ठरवण्याआधी त्याला काय दिलंय ते एकदा मोजून बघा. आणि ते वेळेवर मोजा, शिवदासला शिडी चढावी लागण्याआधी.