ट्यार्कचं पोवळं आणि निळा दिवा

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. एका दिव्याची आणि एका पोवळ्याची गोष्ट सांगतो.

दूर परदेशातल्या लेअर गावात नदीकाठी वीबके राहते. तिचा नवरा ट्यार्क वसंतात देवाघरी गेला. मागे उरली बैठकीतली काचेची पेटी, तीत खारं पाणी, आणि अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून त्यानं वाढवलेलं समुद्रातलं जिवंत, हिरवं पोवळं. पोवळं जगतं उजेडावर, आणि पेटीवरच्या जुन्या ट्यूब विझत आल्या होत्या. तसल्या आता मिळतही नव्हत्या. पोवळं गेलं असतं, तर वीबकेसाठी ट्यार्क दुसऱ्यांदा गेला असता.

ट्यार्कचा मित्र एन्नो दोन एलईडी दिवे घेऊन आला. पांढरा लावला, तर घरात भर दुपार झाली. निळा लावला, आणि पोवळ्याची टोकं काजव्यांसारखी पेटली, भिंतींवर लाटा हलू लागल्या. वीबकेला वाटलं, आपण समुद्राच्या तळाशी बसलोय आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी हळू श्वास घेतंय.

"हाच," ती म्हणाली.

"अगं, घराचं नाचघर करतेस की काय?"

"तू नाच, मी बघते!"

एन्नो गेल्यावर तिनं उजेड वाढवायचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. बिचारं इतके दिवस अंधुकात उपाशी होतं, आता पोटभर जेवू दे.

आठवड्याभरात पोवळ्याची टोकं पांढरीफटक पडली.

"मीच मारलं रे त्याला," एन्नो दारात येताच ती रडू लागली.

एन्नोनं दिवा मंद केला, काचेला नाक लावून पाहिलं. "बुडाशी जीव आहे अजून. चहा टाक बघू."

वीबकेनं कपात खडीसाखर ठेवून वर कढत चहा ओतला. खडा तडकला. मग सवयीनं तिनं चमच्यानं कडेकडेनं साय सोडली. कपात सायीचा ढग उमलला.

"एवढं हळू कशाला? ओत की भसकन."

"वेडा का खुळा तू? सगळा चहा नासेल!"

"मग दिवा का भसकन ओतलास?"

वीबके रडता रडता हसली. "खरंय रे. देवानंसुद्धा दुपारच्या आधी पहाट केली."

मग दर रविवारी चर्चमधून आली, की ती दिव्याचं बटण केसभर पुढे फिरवायची. ट्यार्कचं आवडतं स्तोत्र गुणगुणत, निळ्या उजेडात बसायची. धुक्यातल्या एका संध्याकाळी पोवळ्याच्या बुडाशी इवलीइवली हिरवी बोटं उघडली आणि पाण्यात डुलू लागली. जणू त्या स्तोत्रावर कुणी ताल धरला होता.

मंडळी, आज तिन्हीसांजेला घरात दिवा लावाल, तेव्हा त्या ट्यार्कची एकदा आठवण काढा.