शेवटचं कडवं

निळं बटण अंगठ्याखाली क्षणभर गडद झालं आणि पुन्हा होतं तसं झालं. ‘पुढे वाचा’. संघरत्नानं ओढणीला अंगठा पुसून परत दाबलं, मग जरा जोर लावून — काचेला जोर कळत असल्यासारखं — आणि मग नखानं. काही नाही. गाण्याचं ध्रुपद दिसत होतं, खाली पहिलं कडवं दिसत होतं, आणि त्याच्याखाली हे मख्ख बटण. फोन आबांचा, मागचं झाकण बसत नाही म्हणून त्याला आडवं रबर घातलेलं, ते बोटांत रुतत होतं, आणि तिला उगाचच त्या रबराचा राग येत होता.

म्हणजे दिवाळीपासून... छे, असं कसं होईल! पाच महिने आबा दर रविवारी सांगताहेत, झकास झालंय म्हणून.

वेबसाइट तिनं दिवाळीत स्वतः केली होती, कुणाला न विचारता. मुरबाडच्या खोलीवर, ऑफिसातून आल्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, शिकवणारे व्हिडिओ थांबवत थांबवत. विषय एकच — आबांची गाणी. आबा म्हणजे तिचे वडील, बारकू गवंडी. दिवसा भिंती बांधायचे आणि सांजावलं की गायन पार्टी. किन्हवलीपासून खर्डीपर्यंत असं गाव नसेल जिथं भीमजयंतीला त्यांचा आवाज गेला नाही. आता आवाज बसलाय, पार्टी पांगलीय, राहिली ती एक जाड वही आणि तिच्यातली एकसष्ट गाणी. ती एकेक अक्षर टाइप करून तिनं वर चढवली, आणि मग एखादी लेकुरवाळी बाळ दाखवत फिरते तशी ती पानं घेऊन फिरली. लॅपटॉपवरच्या दोन ब्राउझरांत पाहिलं. स्वतःच्या फोनवर पाहिलं. ऑफिसातल्या कुणालीच्या टॅबवर पाहिलं. तिथं मथळा जरा सरकला होता, तर त्या बोटभर सरकण्यापायी दोन संध्याकाळी घातल्या. सगळीकडे तपासलं. फक्त ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या हातातला फोन काही तिनं एकदाही मागून पाहिला नव्हता. शहाणी ती एवढी!

बाहेर ओट्यावर आबा ढोलकी उन्हाला ठेवून तिच्या दोऱ्या ओढत होते. जयंती दहा दिवसांवर आली होती. लांब कुठंतरी कुणीतरी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजत होतं, त्याचा धूर घरात येत होता, आणि चिमाबाई — आई — तिकडंच गेली होती.

“आबा, हे खालचं बटण कधी दाबलं व्हतं का तुमी?” मुरबाडला ‘नाही’ आणि ‘होतं’, इथं किन्हवलीच्या घराची पायरी चढली की ‘नाय’ आणि ‘व्हतं’, जीभ आपोआप वळायची.

“दाबलं की. पयल्याच दिवशी.”

“मग?”

“मग काय? नाय झालं काय.”

“आन मला सांगितलं का नाय?”

“त्यात सांगायचं काय?” त्यांनी दोरी दातात धरून गाठ मारली. “तू ठेवलंस तेवढं हाय. बरं हाय ते, सुटसुटीत.”

तिला हसू आलं, रागही आला. तिनं लॅपटॉप उघडला. फोनबरोबर आलेला तो जुना ब्राउझर; तिनं बटणासाठी लिहिलेल्या चार ओळींतली एक नव्या पद्धतीची, ती त्याला वाचता येत नव्हती, आणि न कळणारी एक ओळ आली की त्यापुढचं सगळंच सोडून द्यायचं, असा त्याचा खाक्या. तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण मूळ घोळ तिचाच होता. तिनं बाकीची कडवी आधी लपवून ठेवली होती आणि बटण दाबल्यावर दाखवायची सोय केली होती. ज्याच्याकडं बटण चालतं त्याला सगळं मिळणार. ज्याच्याकडं चालत नाही त्याला कळणारही नाही की पुढं काही होतं. का लपवली? पान मोकळं दिसावं म्हणून. लांबलचक गाणी बघून लोक मागं फिरतात, असं त्या व्हिडिओतला मुलगा म्हणाला होता. त्या मुलानं काय जन्मात कधी गायन पार्टी ऐकली असेल!

एका शब्दाबद्दल शंका होती म्हणून तिनं फळीवरची वही काढली. पहिलं गाणं. आणि शेवटच्या कडव्यावर एक रेघ, टाइप करताना नव्हती ती. गवंड्याच्या चपट्या पेन्सिलीची, जाड, पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. तिनं पान उलटलं. रेघ. पुढचं पान... रेघ. पहिल्यानंतरची मधली कडवीही हलक्या रेघांनी खोडलेली, पण शेवटच्यावरची रेघ प्रत्येक गाण्यात, न चुकता, जास्त दाबून मारलेली. एकसष्ट गाण्यांवर पट्टी ठेवलीय या माणसानं. ती वही उघडीच घेऊन ओट्यावर आली.

“हे काय केलंत?”

आबांनी वहीकडं पाहिलं, मग ढोलकीकडं. “दोन्हीकडं सारखं नको? उद्या कोण पोरगं वहीतनं गाईल, कोण फोनमधनं. मेळ नाय लागायचा.”

“पण शेवटचं कडवं, आबा! त्याच्यात तुमचं नाव हाय!”

नावच तर होतं. शाहीर आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. ते कडवं आलं की मागचे साथीदार दबकतात, ढोलकी हळू होते आणि गाणं कुणाचं आहे ते सगळ्या मांडवाला कळतं. लहानपणी ती आईच्या मांडीवर पेंगायची, पण त्या ओळीला बरोबर जागी व्हायची, कारण एका गाण्यात तीही होती —

*बारकू बोले किन्हवलीचा, ढोलकीच्या तालावर,*
*लेक माझी शाळेत गेली, भीमाच्या त्या पावलांवर.*

त्यावरही रेघ होती.

“म्हनून तर म्हटलं,” आबा हळूच म्हणाले, “तूच काढलं असशील. तुझ्या हापिसात बघतात लोकं. गाणं कुनाचं बी असू शकतं, पन नाव आलं की गाव आलं, घर आलं. मी काय येडा हाय का रत्ना? तुला तिथं ऱ्हायचं हाय. मला काय, कडवं नसलं तरी गाणं कुटं मरतं?”

हे त्यांनी इतक्या मऊपणे सांगितलं की त्यांनी शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. नाय हो आबा, बटण बिघडलेलं होतं, नुसतं बटण — ती भराभर सांगत सुटली, जुना ब्राउझर, नवी ओळ, माझी चूक... आणि ते मान हलवत होते, समजूतदारपणे. पोटच्या पोरीची सबब जशी ऐकून घ्यावी तशी. आपण खरं बोलतोय, शंभर टक्के खरं, हे तिला माहीत होतं. मग ते तिलाच सबबीसारखं का वाटत होतं?

त्या गादीमुळे. आठ वर्षांपूर्वी मुरबाडला खोली बघायला आबा डोक्यावर गादी घेऊन आले होते. त्याआधीच्या दोन खोल्या पूर्ण नाव सांगितल्याबरोबर ‘आत्ताच कुणाला तरी दिली’ झाल्या होत्या. तिसऱ्या दारात मालकिणीनं विचारलं, नाव काय गं तुझं? ‘संघ’ अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तिनं तेवढंच गिळलं आणि म्हणाली, रत्ना. ठरवून नव्हे, खरंच ठरवून नव्हे... मालकीण म्हणाली, छान नाव आहे. मागं आबा उभे होते, गादीमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मग ते आत आले, गादी टाकली, मोरीतला नळ सोडून बघितला आणि म्हणाले, “पाण्याला फोर्स चांगला हाय.” एवढंच. ऑफिसातही मग ती रत्ना मॅडमच झाली, आणि माणसाला सवय कशाचीही होते.

तिनं पान बदललं. आता आधी सगळं दाखवायचं. ज्या ब्राउझरला घडी घालता येते त्यानं खुशाल घालावी, पण ज्याला येत नाही त्याच्यापासून काहीच लपवायचं नाही. दहा मिनिटांचं काम. ते दिवाळीत केलं असतं तर! आपल्या फोनच्या नेटवरून तिनं ते चढवलं आणि आबांच्या हातात त्यांचा फोन दिला. ते ओठ हलवत वाचू लागले. अंगठ्यानं कडवी वर सरकवत गेले, खाली, आणखी खाली, आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्याकडं बघून तिचं मन भरून आलं. या माणसावर आपलं किती प्रेम आहे हे त्याला कधी सांगितलंच नाही, असं तिला वाटलं.

“हे हापिसातल्यांना बी दिसंल?”

“दिसंल.”

“मग ऱ्हाऊ दे का?”

“ऱ्हाऊ दे.”

म्हणाली ती, पण मध्ये वेळ गेला. फार नव्हे, एक घोट गिळायला लागतो तेवढा. गाणाऱ्या माणसाला अर्धी मात्रा चुकलेली कळते. त्यांना कळली की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. ते नुसते “बरं” म्हणाले आणि फोन खिशात ठेवून मागच्या चुलीकडं गेले.

ती वही उघडून बसली. खोडरबरानं पहिल्या गाण्यावरची रेघ घासली. पेन्सिल गेली, पण दाबाचा चर कागदावर तसाच राहिला. मग लॅपटॉपवर पानाच्या तळाशी गेली, सहज, सगळं नीट दिसतंय का बघायला. तिथं बारीक अक्षरात होतं, ‘संकलन : रत्ना’. आणि तेव्हा तिला एकदम... आबा मला रत्ना कधीपासून म्हणायला लागले?

आई तर अजून संघाच म्हणते. आणि आबा? बांधकामाच्या परांचीवर चढलेले आबा वरून हाक मारायचे, अख्खी, ‘संघरत्नाऽ’, शेवटचं अक्षर लांबवून, आपणच निवडलेल्या नावाची चव घेत. मग कधी? खोली घेतली त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन आला होता — “हॅलो, रत्ना का?” रेंज नसेल, वरचं कापलं गेलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं तिला. वाटलंही नव्हतं, लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही, रुसले नाहीत. लेकीनं जेवढं ठेवलं तेवढंच आपणही ठेवायचं, दोन्हीकडं सारखं. आठ वर्षं ते ती रेघ मारत आले होते, दर हाकेला, तोंडानं.

“रत्ना, च्या घेतेस का गो?” मागच्या दारातून हाक आली.

तिनं ओ दिली नाही. खोडरबर हातातच होतं. तिला ऐकू गेलं नसेल असं समजून त्यांनी पुन्हा हाक मारली, तीच, तेवढीच. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ती हाक तिला अर्धी ऐकू आली.